पार्सलवाल्या दिघे काकू

मी इंदूरला राहायला आलो त्या दिवशी दिघे काकूंनी माझ्या दोन्ही बॅगा काट्यावर ठेवून तोलल्या. मोठी बावीस किलो, लहान साडेआठ.

"नाशिकहून निघताना वजन किती होतं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं. पण काकूंनी मला असं काही न्याहाळलं, की त्यांच्या घरातली वरची खोली आता भाड्यानं मिळत नाही असंच मला वाटलं.

"म्हणजे वाटेत कोणी काही काढून घेतलं, तरी तुम्हाला समजणार नाही ना भिया?" इंदुरात भैयाला भिया म्हणतात.

काकूंनी एकतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी "आठवण म्हणून काय देऊ?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी काटा मागितला. सगळ्यांना ती गंमत वाटली. शेवटी वर्गणी काढून बाजारातून एक नवाकोरा प्लॅटफॉर्मचा काटा आणावा लागला. स्नेहलतागंजमधल्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात, जिथे इतरांच्या घरी झोपाळा असतो, तिथे तो उभा आहे. भाजी, गॅसचं सिलिंडर, दिवाळीत आलेले मिठाईचे डबे, सगळ्यांना काकूंचा एकच हुकूम: "पहले कांटे पे!"

ऑनलाइन सामान आलं की सोहळा मोठा. डिलिव्हरीवाले दुबेजी पन्नाशीचे, सोशिक गृहस्थ. त्यांनी काकूंचं घर मुद्दाम गल्लीत शेवटचं ठेवलं होतं, कारण तिथे वीस मिनिटं जातात. आधी वजन. मग ते पार्सलवरच्या छापील वजनाशी ताडून पाहायचं. मग मी फोन धरून उभा, आणि काकू कोर्टात साक्ष द्यावी तशा बोलू लागायच्या.

"मी सुमन दिघे. आज मंगळवार, सकाळचे नऊ. सील साबूत आहे. चारही कोने दाखवा भिया, हात हलवू नका. आता मी कापून राहिली आहे."

एकदा माझेच मोजे आले होते. "मोजे, तीन जोड," काकूंनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, "डावे तीन, उजवे तीन."

"काकू, मोज्यांत डावा-उजवा नसतो."

"रेकॉर्डिंग चालू आहे. मध्ये बोलू नका."

मी ऑफिसात, विजय नगरला, ह्या गोष्टी रंगवून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. रेखाचं प्रकरण घडेपर्यंत मीही हसत होतो.

रेखा मागच्या गल्लीत राहते. दुसऱ्याच्या दुकानात बसून साड्यांना फॉल-पिको करते. लग्नसराईच्या आधी स्वतःचं मोटरचं मशीन घ्यायचं, म्हणून तिनं दोन वर्षं पैसे साठवले होते. फोनवर एक जाहिरात आली: मोटरचं शिलाई मशीन, निम्म्या किमतीत, आजचाच दिवस. तिनं डेबिट कार्डानं पैसे भरले. आठ दिवसांनी खोका आला. तिनं दुबेजींच्या फोनवर बोटानं सही केली, आणि आत घेऊन उघडला. आत कागद जोडायच्या स्टेपलरएवढं, हातात धरायचं, प्लास्टिकचं खेळणं होतं. तेही शिवायचंच, नाही असं नाही. बाहुलीचा फ्रॉक शिवता आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ते खेळणं पदराखाली झाकून काकूंकडे आली. मी ऑफिसला निघालो होतो.

"काकू, मी तर गेली," ती म्हणाली. "दुकानवाल्याला मेसेज केला, तर तो म्हणतो माल पोहोचला, सही झाली, आता काही होणार नाही. घरी अजून नाही सांगितलं. कसं सांगू?"

मला वाटलं, आता काकू हिला झाडतात. वजन केलं का, व्हिडिओ काढला का. काकूंनी तिला पाणी दिलं. ती पूर्ण पिईपर्यंत थांबल्या. मग एकच विचारलं, "खोका कुठे आहे?"

"खोका? तो तर आत्ता कचऱ्याच्या गाडीत दिला."

आमच्या इंदूरला कचऱ्याची गाडी वेळेवर येते आणि वेळेवर जाते, त्याचा सगळ्यांना मोठा अभिमान. त्या दिवशी मला तो जरा नडला. गाडीचं गाणं गल्लीच्या टोकाकडे चाललं होतं. काकू उठल्या, आणि घरातल्या कपड्यांवर, चष्मा सावरत धावत सुटल्या.

"रोको! अरे रोको! उसमें पुरावा है!"

पुराव्याला हिंदीत सबूत म्हणतात, हे त्यांना त्या घाईत आठवलं नाही. ड्रायव्हरला वाटलं पुरावा नावाचं काही मौल्यवान असेल. गाडी थांबली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीच्या पँटनिशी सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात चढलो आणि चौथ्या खोक्यावर रेखाचं नाव सापडलं. त्या दिवशी ऑफिसात माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

खोक्यावर चिठ्ठी शाबूत होती. वजन: चारशे दहा ग्रॅम.

"आणि जाहिरातीत किती लिहिलं होतं?" काकूंनी विचारलं.

जाहिरातीचं पान आता उघडतच नव्हतं. रेखा पुन्हा रडकुंडीला आली. मग तिला आठवलं, देवासच्या बहिणीला दाखवायला म्हणून तिनं त्या पानाचा फोटो पाठवला होता. तो निघाला. त्यात स्वच्छ होतं: वजन, नऊ किलो.

काकूंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. इतक्या आनंदात मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं.

"आठ किलो पाचशे नव्वद ग्रॅम कमी," त्या म्हणाल्या. "रेल्वेत असं झालं असतं, तर अर्धं ऑफिस सस्पेंड झालं असतं."

दुपारी त्या रेखाला घेऊन बँकेत गेल्या. मी अर्धी सुट्टी टाकली होती, कारण व्हिडिओ काढायची वेळ येईल असं काकूंचं म्हणणं होतं. आली नाही. काउंटरवरच्या तरुण साहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, ओटीपी तर तुम्हीच दिला ना? मग बँक काय करणार?"

"ओटीपी मशीनसाठी दिला होता," काकू म्हणाल्या. "खेळण्यासाठी नाही. पैसे चोरीला गेले असं आम्ही म्हणूनच नाही राहिलो. जे सांगितलं ते आलं नाही, असं म्हणून राहिलो आहोत. त्याचा फॉर्म वेगळा असतो. तो द्या."

फॉर्म खरंच वेगळा होता. साहेबांना तो शोधायला वेळ लागला. काकूंनी रेखाला बसवून तिच्याच अक्षरात भरायला लावला. "पैसे तुझे, तर तक्रारही तूच लिही. मी शेजारी बसली आहे." जाहिरातीचा फोटो, चिठ्ठीचा फोटो, दुकानदाराशी झालेली बातचीत, सगळं जोडलं. निघताना तक्रारीचा नंबर लिहून घेतला आणि साहेबांकडून तो दोनदा वाचून घेतला.

तीन आठवड्यांनी बँकेचं उत्तर आलं. दुकानदारानं माल पोहोचल्याचा सहीचा कागद दिला होता. तक्रार बंद.

रेखा तो मेसेज घेऊन आली तेव्हा रडत नव्हती, आणि तेच जास्त वाईट दिसत होतं. "जाऊ द्या काकू. माझीच चूक. आता बस करा."

"चूक तुझी कशी? तू विश्वास ठेवला," काकू म्हणाल्या. "सही पार्सल आल्याची आहे. मशीन आल्याची नाही. त्यांनी सहीचं उत्तर दिलं, वजनाचं दिलं का? मग आपण पुन्हा विचारू."

त्यांनी पुन्हा लिहायला लावलं, ह्या वेळी बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला. पत्र चार ओळींचं होतं. नऊ किलोचं मशीन चारशे दहा ग्रॅमच्या खोक्यात कसं बसलं, एवढंच दुकानदारानं सांगावं. सांगितलं, तर आम्ही तक्रार मागे घेऊ.

दुकानदाराकडे ह्याचं उत्तर नव्हतं. महिन्याभरानं रेखाच्या खात्यात सगळे पैसे परत आले. तिनं मशीन ओळखीच्या दुकानातून, हात लावून, चालवून घेतलं. लग्नसराई थोडी हुकली, पण सगळी नाही. त्यानंतर आसपासच्या गल्ल्यांतून लोक बिघडलेले व्यवहार घेऊन काकूंकडे येऊ लागले. काकू कुणालाच नाही म्हणत नाहीत. "परत करा. हक्क आहे आपला. चुकीचं सामान ठेवून का घ्यायचं?"

गेल्या महिन्यात, रविवारी दुपारी, मी भाडं द्यायला खाली गेलो. काकू खुर्चीवर बसल्या होत्या. पायांत नवे कोरे चालायचे बूट होते, आणि चेहरा असा की दाढ दुखत असावी.

"मिहिरनं पाठवले," त्या म्हणाल्या. मिहिर त्यांचा मुलगा. सोळा वर्षं ऑस्ट्रेलियात आहे. त्यानं तिकडे बसून इथल्या वेबसाइटवरून मागवले होते.

त्यांनी बूट काढायचा प्रयत्न केला. निघेना. मी खाली बसून ओढून काढला. बोटं लाल झाली होती.

"काकू, हे लहान होतात. दहा दिवसांत परत करता येतात. मी करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"नको."

"अहो, तुम्हीच तर सगळ्यांना सांगता..."

"कारण लिहावं लागतं," त्या म्हणाल्या. "नंबर चुकला, असं लिहावं लागेल. ऑर्डर त्याची आहे, म्हणजे ते त्याच्या फोनवर जाणार." त्यांनी बूट उलटा करून तळव्यावरचा आकडा मला दाखवला. पाच. "तो गेला तेव्हा मी पाचच घालायची. आता पाय सुजतात, सात लागतो. ते त्याला कोणी सांगितलं? मी तर नाही सांगितलं."

तेवढ्यात त्यांच्या फोनवर मिहिरचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ झाली असणार. काकूंनी घाईनं बूट पुन्हा पायांत घातला, नाडी न बांधताच, आणि फोन माझ्या हातात दिला.

"पाय दाखवा त्याला," त्या हळूच म्हणाल्या, आणि व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालत गेल्या.

"आई, बरोबर बसले का गं?" फोनमधून आवाज आला.

"एकदम," काकू म्हणाल्या. "तुझ्या लक्षात कसा राहिला रे माझा नंबर?"