लोहगडासह

मनमोहन धैर्यवानांनी पाठीवरच्या पिशवीत पाटा घातला तेव्हा सरोजिनीबाई काही बोलल्या नाहीत. वरवंटाही गेला तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

“अहो, मग मी मसाला काय कपाळावर वाटू?”

“इलाज नाही. रामदासनं वीस रत्तल वजन सांगितलंय.”

रामदास म्हणजे ऑफिसातल्या हायकिंगवाल्यांचा म्होरक्या. उद्या, रविवारी, मंडळी लोहगडावर निघणार होती आणि धैर्यवानांना काहीही करून जायचंच होतं. बावीस वर्षं खुर्ची उबवलेल्या माणसाला गडाची केवढी ओढ असते, ते सांगून कळायचं नाही. पण रामदासची अट होती. पाठीवर वजन घेऊन चाळीचे चार मजले दहा वेळा चढायचे-उतरायचे. मध्ये थांबलात की यादीतून नाव उडालं. महिनाभर धैर्यवान रोज ऑफिस सुटल्यावर ऑफिसचाच जिना चढून तयारी करत होते. आज परीक्षा. अर्धी खाकी चड्डी, डोक्याला हॅट आणि हातात घड्याळ अशा थाटात रामदास जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला.

चार फेऱ्या झकास झाल्या. पाचवीला छातीचा भाता झाला. धीर यावा म्हणून धैर्यवान पायरीगणिक म्हणू लागले, “लोहगड सर... झालाच पाहिजे!” पण दम असा लागला होता की पहिले शब्द घशातच राहत आणि शेवटचे दोनच बाहेर पडत.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस! हे दोन शब्द कानावर पडल्यावर घरात बसून राहील असा माणूस गिरगावात औषधालाही नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे तात्या हातातला चहा टाकून बाहेर आले.

“फेरी निघाली आणि आम्हाला पत्ता नाही? झालाच पाहिजे!”

सातव्या फेरीला धैर्यवानांच्या मागे दहा माणसं होती, नवव्या फेरीला अख्खी चाळ. खाली आल्यावर वळायला जागाच उरली नाही. लोंढ्यानं त्यांना फाटकातून थेट रस्त्यावर नेलं.

“अहो, दहावी राहिली!” मागून रामदास ओरडला. धैर्यवान रडकुंडीला आले. हातातोंडाशी आलेला गड चालला होता!

ठाकूरद्वारच्या नाक्यावर तात्यांनी त्यांना एका दुकानाच्या फळीवर चढवलं.

“बोला, धैर्यवान! पाठीवर दगड घेऊन निघालात ते कशासाठी?”

धैर्यवानांच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं. “लोहगड...”

तात्या लालबुंद झाले.

“ऐकलंत? मुंबई तर नाहीच, वर लोहगडही देत नाहीत म्हणे!”

“लोहगडासह संयुक्त महाराष्ट्र...”

“झालाच पाहिजे!”

“तसं नाही हो तात्या, मला फक्त उद्या लोहगडावर...”

“उद्याच! सगळे लोहगडावर! आणि सगळ्यांच्या पुढे धैर्यवान!”

टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. धैर्यवानांना एवढा आनंद झाला की पाठीवरचं ओझं ते साफ विसरले. जायला मिळणार होतं, तेही सगळ्यांच्या पुढे!

तेवढ्यात तात्यांची नजर हॅटवर गेली.

“हा साहेब कोण? सरकारी माणूस दिसतो. याला उद्या आणायचा नाही हं!”

रामदासनं हॅट पाठीमागे लपवली आणि गर्दीतून वाट काढत तो धैर्यवानांच्या कानाशी आला.

“धैर्यवान, मलाही न्या ना. तुम्ही सांगितलंत तर तात्या ऐकतील.”

धैर्यवानांनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“झेपेल का तुम्हाला?”