दवातल्या जाळरेषा आणि दुपारचा डोळा

श्रीकृपेने लेखणी न अडो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्रमासी राज्याच्या उपग्रहखात्यात नकाशे वाचणारे यादवपंत यांस उत्तर न दिलेल्या एका पत्राची आठवण टोचू लागली. पत्र फाल्गुनातले, डोंगरपट्टीच्या कारभारीण जंगोबाई मडावी यांचे. त्यांनी लिहिले होते, "पंत, माघात आम्ही गवताचे पट्टे जाळून जाळरेषा केल्या, वणवा आला तर तिथेच अडावा म्हणून. दिवाणसाहेब आम्हांला आगलावे म्हणतात आणि आमचे रान बंद करणार म्हणतात. तुमचा उपग्रह सगळे पाहतो म्हणे. मग काय पाहिले ते लिहा. आम्ही दव असता पेटवतो आणि विझवून न्याहारीला घरी येतो, लपून काही नाही." पंत भिडस्त, पुस्तकांत बुडालेले; नकाशावर काळे पट्टे होते, परंतु आगीचा लाल ठिपका एकही नव्हता, म्हणून आपलेच वाचन चुकत असेल ऐसा संशय धरून त्यांनी उत्तर चार वेळा लिहिले आणि चारही वेळा फाडले.

मग चैत्र वद्य पंचमीस बारा कोसांवर दक्षिणघाटी वणवा उठला आणि वाऱ्यावर स्वार होऊन डोंगरपट्टीवर चालून आला, आणि नकाशावर लाल ठिपके शेकड्यांनी उमटले, आणि पंत तीन दिवस पाहते जाहले तो ठिपके काळ्या पट्ट्यांपाशी आले, डावीउजवीकडे धडका दिल्या आणि तेथेच विझले. पलीकडचे गाव आणि मोहाची झाडे शाबूत राहिली. तेव्हा पंतांनी पत्र पुन्हा वाचले आणि कपाळावर हात मारून घेतला: उपग्रह डोंगरपट्टीवरून जातो तो भर दुपारी, तोवर यांची आग विझून न्याहारीही झालेली.

मग दरबारी दिवाण बोलले, "वणवा डोंगरपट्टीच्या लोकांनीच लावला." पंत उठले आणि नकाशा पसरून म्हणाले, "पहिला ठिपका हा, दक्षिणघाटी. आणि अडला तो यांच्या जाळरेषेवर."

"आणि इतके दिवस मूग गिळून बसलात?"

"बसलो, दिवाणजी. काम सकाळचे आणि आपला डोळा दुपारचा, ही वेळ मी जुळवली नाही. दोष माझा, त्यांचा नव्हे."

हे ऐकून सरकारस्वारी संतोष पावली आणि रान गावाकडेच राहील, जाळरेषा दरसाल गावानेच कराव्यात, ऐसा हुकूम जाहला.

सारांश, वणवा हरला, रान राहिले, डोंगरपट्टीत ढोल वाजले, आणि यादवपंतांनी "बाई, आपण लिहिले ते आकाशातून खरे दिसले, उशीर माझा," इतकेच लिहून पत्र स्वहस्ते टपालपेटीत टाकिले.