साडेसहा मीटरचे मोहिते

गेलं वर्षभर दर रविवारी सकाळी जपानात, उरायासुतल्या आमच्या इमारतीच्या सायकल स्टँडवर एक पंचावन्न वर्षांचे गृहस्थ सायकल मागे-मागे ढकलत असत. सायकलच्या मागे झाडूची दांडी बांधलेली आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला बायकोची भाजी आणायची चाकांची पिशवी. हँडल डावीकडे वळवलं की पिशवी उजवीकडे जायची. उजवीकडे वळवलं की भिंतीवर आपटायची. मग ते थांबत, खिशातून मोजपट्टी काढत, पिशवी आणि भिंत यांच्यामधलं अंतर, म्हणजे शून्य, मोजत आणि वहीत लिहून ठेवत.

हे सूर्यकांत मोहिते. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. तोयोसुच्या एका ऑफिसात नेटवर्क सांभाळतात, आणि तिथे मोहिते-सान म्हणजे शब्दाला आणि वेळेला पक्का माणूस अशी त्यांची ख्याती आहे. आठ वर्षांच्या शेजारात मी त्यांना एकदाही ट्रेनसाठी धावताना पाहिलेलं नाही. ते आधीच्या ट्रेनच्याही आधी स्टेशनवर असतात. असा माणूस झाडूच्या दांडीला पिशवी बांधून फिरायला लागला, तेव्हा इमारतीत कुजबुज होणारच. आमची लेक मराठीत प्रश्न विचारला तरी जपानीत उत्तर देते. तीसुद्धा गॅलरीतून ओरडायची, "मोहिते-ओजिसान, आबुनाई!" धोका आहे, एवढं तिलाही कळत होतं.

हे सगळं सुरू झालं गेल्या वर्षी मार्चमध्ये. मोहित्यांचे वडील, अण्णा, साताऱ्याहून तीन महिने राहायला आले होते. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर, वय एकोणऐंशी, आवाज असा की खालच्या मजल्यावर आमच्या घरात चहा मागितल्यासारखं वाटावं. पहिला महिना ते रोज खाली उतरायचे, खाडीच्या कडेला फिरायचे, येणाऱ्याजाणाऱ्या जपानी म्हाताऱ्यांना खणखणीत रामराम घालायचे. मग एकाएकी त्यांचं उतरणंच बंद झालं. पुढचे दोन महिने अण्णा गॅलरीतल्या स्टुलावर बसून राहिले. निघताना दारात म्हणाले, "आता पुन्हा यायचा न्हाई मी. हितं आपलं काम न्हाई."

मोहिते त्यांना विमानतळावर सोडून आले. पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये मला म्हणाले, "वहिनी, कॅराव्हॅन घेतोय."

कॅराव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास. लांबी साडेसहा मीटर. आणि हे घर घेऊन मोहिते चिबाच्या बोसो द्वीपकल्पाला समुद्राच्या कडेकडेने वळसा घालणार होते. ज्या देशात मी फ्रिज घेताना आधी लिफ्टचं दार मोजलं, त्या देशात! माझा नवरा म्हणाला, "माणूस कामातून गेला." सुरेखावहिनी, म्हणजे मोहित्यांची बायको, नुसत्या हसल्या आणि मला साबुदाण्याच्या पापड्या देऊन वर गेल्या.

मोहित्यांचं म्हणणं एकच, "कागदावर तर बसतंय!" भिंतीएवढा नकाशा त्यांनी हॉलमध्ये लावला. प्रत्येक पुलाची रुंदी, बोगद्याची उंची, वळणाचा कोन. लॅपटॉपवर तक्ता वेगळा. एखाद्या वळणाला रस्ता अरुंद निघाला की ते दिवसभर उदास असत. आम्ही जेवायला बोलावलं तर भाकरीचे तुकडे जोडून मला वळण समजावून सांगत आणि मग तो रस्ता खाऊन टाकत.

इथे गाडी ठेवायला जागा असल्याचा कागद पोलिसांना दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. आमच्या पार्किंगमध्ये तर सायकलसुद्धा श्वास रोखून उभी राहते. मोहित्यांनी दहा मिनिटांवरच्या एका परांची बांधणाऱ्या ठेकेदाराचं आवार हेरलं आणि सलग तीन रविवार त्याच्याकडे चिवड्याचा डबा घेऊन गेले. पहिल्या रविवारी तो नाही म्हणाला. दुसऱ्या रविवारी बघतो म्हणाला. तिसऱ्या रविवारी त्याने आवाराच्या कोपऱ्यातले लोखंडी पाइप हलवले आणि चिवड्यात शेंगदाणे जास्त घालायला सांगितलं.

मग ड्रायव्हिंग स्कूल. एवढं जड धूड ओढायला इथे वेगळं लायसन्स लागतं. तिथे मात्र मोहित्यांवर आकाश कोसळलं. शिकवणाऱ्या सेन्सेईंनी सहज सांगितलं, की ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये माणूस बसवायला कायद्याने बंदी आहे. चालत्या गाडीत मागे कुणीही नाही. मोहित्यांनी सहा महिने पुलांची उंची मोजली आणि ही एक ओळ वाचायची राहून गेली होती. आपल्याकडे गाडीत जागा आहे म्हटल्यावर माणसं बसणारच, त्यात विचारायचं काय, असं त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं असतं.

तीन दिवस त्यांनी वहीला हातही लावला नाही. नकाशा उतरवून गुंडाळून ठेवला. मला वाटलं, सुटलो आपण सगळे. चौथ्या दिवशी नकाशा परत भिंतीवर आणि त्यावर लाल टिकल्याच टिकल्या. "आता दर चाळीस मिनिटांनी थांबायचं," ते म्हणाले. "व्ह्यू बघायला."

यंदा एप्रिलमध्ये कॅराव्हॅन आली. आम्हाला दाखवायला नेलं. माणसं नव्या घरात आधी हॉल दाखवतात, मोहित्यांनी आधी संडास दाखवला. आत धरायला दोन दांडे, खाली न घसरणारी चटई, कोपऱ्यात पितळेचा तांब्या, आणि भिंतीवर एकच एक पांढरं बटण. त्यावर सुरेखावहिनींच्या वळणदार अक्षरात मराठीत चिठ्ठी होती, ‘पाणी’.

"एकच बटण?" मी म्हटलं. "इथल्या संडासांना विमानाएवढी बटणं असतात."

"एकच," मोहिते गंभीरपणे म्हणाले. "आणि लाल नाही."

मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

मे महिन्यात अण्णा आले. यायचे नव्हतेच. मोहित्यांनी फोनवर महिनाभर एकच धोशा लावला होता, "गाडी घेतलीय अण्णा, साडेसहा मीटर मागे लावलीय, तुम्ही बघितल्याशिवाय बाहेर काढणार नाही." कंडक्टरला गाडीचं आमिष. आले खरे, पण आल्यापासून पुन्हा त्या स्टुलावर. "जाऊन या तुम्ही," म्हणायचे, "मी घर राखतो." एवढी वर्षभराची खटपट आणि ज्याच्यासाठी केली तोच घरात बसतो की काय, या काळजीने मोहित्यांचं वजन उतरलं. शेवटी सुरेखावहिनी म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही नाही तर मी पण नाही." तेव्हा ते उठले. फोटो काढायला म्हणून मला बरोबर घेतलं. माझा नवरा घरी राहिला. मुलीला एक तरी पालक हवा, म्हणाला.

तर अशी आमची स्वारी निघाली. चालवायला मोहिते, शेजारी अण्णा, मागे आम्ही दोघी आणि आमच्या मागे ते घर. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला निळाशार समुद्र, पलीकडच्या किनाऱ्याच्या मागे फुजीचं टोक. मी म्हटलं, थांबा, फोटो काढते. मोहित्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "अजून बारा मिनिटं आहेत." बारा मिनिटांनी थांबले ते कोबीच्या शेतापाशी.

"उतरा वहिनी. व्ह्यू."

"कसला व्ह्यू? कोबी आहे हा."

"काढा की कोबीचा फोटो. या, इकडून चांगला दिसतो." आणि आम्हा दोघींना हाताला धरल्यासारखं पार बांधाच्या टोकापर्यंत नेलं. "अण्णा, तुम्ही कॅराव्हॅनमध्ये जरा पाय मोकळे करा," एवढं मात्र मागे वळून म्हणाले.

पुढचा व्ह्यू पाण्याच्या टाकीचा होता. त्याच्या पुढचा, एका बंद पडलेल्या दुकानाच्या मागच्या भिंतीचा. फुजी दिसत असेल तिथे गाडी सुसाट आणि भिंत आली की मुक्काम. मी चिडले, अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

दुपारी नॅव्हिगेशनने उजवीकडे वळायला सांगितलं आणि आम्ही एका कोळीवाड्याच्या बोळात शिरलो. एका बाजूला दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेल्या मासळीच्या जाळ्या. पुढे बोळ संपून थेट बंदराच्या पायऱ्या! मोहिते मोजपट्टी घेऊन उतरले आणि पांढरेफटक होऊन परत आले. "दोन्हीकडे जेमतेम चाळीस सेंटीमीटर. शंभर मीटर मागे जायचंय."

त्यांनी आरसे बघितले, कॅमेऱ्याचा पडदा बघितला, वही उघडली. वर्षभराची झाडूची दांडी आठवत त्यांनी गाडी मागे घेतली आणि ते घर तिरकं होऊन कुंपणाला टेकलं. पुढे आले, पुन्हा मागे, पुन्हा तिरकं. तिसऱ्या वेळी त्यांनी वही मिटली. "नाही जमत," ते म्हणाले. "कागदावर बसत होतं." मला त्यांचं फार वाईट वाटलं. आणि भीतीही वाटली.

तेवढ्यात अण्णांनी दार उघडलं.

"अण्णा, तुम्ही बसा."

"तू बस. गाडी तुझी, मागली बाजू माझी."

ते कुंपणाला घासत मागे गेले. आणि मग वर्षभर न ऐकलेला तो आवाज आला. "येऊ दे! येऊ दे! आरं सुऱ्या, आरशात काय बघतोस, खिडकीतनं मान काढ, माझ्याकडं बघ! डावी मार. आन् थोडी. आता सरळ कर. येऊ दे..." आणि पत्र्यावर हाताची थाप, धाड! म्हणजे थांब. धाड धाड! म्हणजे चल.

जाळी विणत बसलेला एक म्हातारा कोळी उठून आला. अण्णांच्या पलीकडच्या कोपऱ्यावर उभा राहिला आणि हात हलवत ओरडायला लागला, "ओराई, ओराई!" इकडून "येऊ दे", तिकडून "ओराई". दोघांची एकमेकांशी एका शब्दाचीही ओळख नव्हती, पण मोहिते कुणाच्या हाताकडे कधी बघायचं हे न चुकता ओळखत होते. वीस मिनिटांत घर रस्त्यावर आलं, एक ओरखडा न उमटता. कोळ्याने अण्णांना कमरेत वाकून नमस्कार केला. अण्णांनी त्याला रामराम घातला, जुन्या आवाजात. मग तो त्यांना बंदरावर घेऊन गेला, होडी दाखवायला. दोघं चांगले अर्धा तास दिसेनासे झाले.

संध्याकाळी द्वीपकल्पाच्या टोकाशी दीपगृहाजवळ थांबलो. अण्णा समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसले होते आणि सुरेखावहिनींना रत्नागिरीच्या मुक्कामी गाडीच्या गोष्टी सांगत होते. मध्येच म्हणाले, "फुडल्या वर्षी त्या वरच्या अंगानं जाऊ. तो कोळी म्हनला, तिकडं रस्ता रुंद हाय." कोळी कुठल्या भाषेत म्हणाला, हे विचारायचं मी टाळलं.

चहा द्यायला गेले तर मोहिते कॅराव्हॅनच्या मागे उभे. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पुढल्या वर्षी म्हणाले, वहिनी. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं की."

मग त्यांनी मला सांगितलं. गेल्या वर्षी एका मोठ्या दुकानात अण्णा संडासला गेले आणि पाण्याचं बटण समजून त्यांनी मदतीचं लाल बटण दाबलं. भोंगा वाजला. रखवालदार धावत आले, बाहेरून दार ठोठावू लागले. आत अण्णा धोतर सावरत उभे, कुणाचं काही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी दार बाहेरून उघडलं. त्या दिवसापासून अण्णा घराबाहेर पडले नाहीत. आणि आता वयामुळे चाळीस मिनिटांपलीकडे त्यांना थांबवत नाही, हे ते मुलालाही तोंडाने सांगत नाहीत.

"अहो, मग आम्हाला सांगायचं होतंत. आम्ही सगळे तुम्हाला हसत होतो."

"मला हसा की," मोहिते म्हणाले. "मला वेड लागलंय म्हटलं तर चालतं. अण्णांचं कुणी काही बोललेलं नाही चालत."

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "आज त्या बंदरावर किती वेळ होते माहितीये? अर्धा तास आणि सहा मिनिटं. तिथल्या संडासात जाऊन आले, वहिनी. त्या कोळ्याने बटण दाखवलं, असं स्वतः म्हणाले."

तेवढ्यात पुढून पत्र्यावर दोन थापा पडल्या. धाड धाड.

"डबल बेल!" असं म्हणून मोहित्यांनी कप माझ्या हातात कोंबला, बाहीने तोंड पुसलं आणि ते धावत सुटले. आठ वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच धावताना पाहिलं.