मास्तरांचा उजवा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. मास्तरांनी तो त्या सकाळी नेहमीसारखा कचकन दाबला आणि कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत अशी कळ गेली, की त्यांच्या तोंडून "आई गं!" निघालं. गाडी आचका देऊन बंद पडली.

"माझं काही चुकलं का सर?" शिकणाऱ्या गृहस्थांनी विचारलं. विद्यार्थ्यांची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत मास्तर पडत नसत. ज्याने जे ठोकलं, ते त्याचं नाव. हे गृहस्थ 'कठडेवाले' होते.

"क्लच, कठडेवाले, क्लच! गाडी बंद पाडायला फी भरता का?" मास्तर मांडी आवळून ओरडले. उतरताना मात्र त्यांना दार धरून उभं राहावं लागलं.

घरी मेव्हणा म्हणाला, वात आहे, शेक द्या. शेजारी म्हणाले, शीर चढलीय, बर्फ लावा. मास्तरांनी दोघांचंही मन राखलं. मग कोणीतरी कडक जागी झोपायला सांगितलं म्हणून ते फरशीवर झोपले, ते उठेचनात. त्यांना उठवायला मेव्हणा आणि शेजारी दोघंही धावले आणि दोघांनी दोन दिशांना ओढलं.

"आता पुरे!" बायको कडाडली. "सायटिका आहे ती. हातांनी मणके बसवणारे एक डॉक्टर आहेत, कायरोप्रॅक्टर. मी फोन करून वेळ घेतलीय."

"बसवायला माझे मणके काय उठून गेलेत?"

"तुम्ही उठून दाखवा, मग बोला. हा पाय गेला तर स्कूलला कुलूप लागेल."

ते खरंच होतं. स्कूलची गाडी एक आणि मास्तरही एकच. बायकोला गाडी येत असती तर तिनेच त्यांना दवाखान्यात सोडलं असतं. पण तिला शिकवायला घेतलं, तेव्हा फाटकापर्यंत पोचेतो गाडी चारदा बंद पडली होती आणि "तुझ्याच्याने व्हायचं नाही," असं म्हणून मास्तरांनी तो विषय कायमचा मिटवला होता. त्यामुळे टॅक्सी करावी लागली.

दवाखान्याचं दार उघडलं आणि मास्तरांचा उरलासुरला धीर सुटला. पांढऱ्या कोटात कठडेवाले उभे होते.

"या सर, वाटच बघत होतो."

मास्तरांनी काढता पाय घ्यायचं ठरवलं, पण नेमका पायच निघेना. डॉक्टरांनी त्यांना उताणं झोपवलं, पाय सरळ वर उचलून पाहिला, बोटांतला जोर पाहिला.

"कमरेतून एक जाड नस निघते, ती कुल्ल्यामागून खाली पायात जाते. कधी मणक्यांमधली चकती सरकते आणि ती नस दबते. तुमचं तसं दिसत नाही. तुमच्या कुल्ल्यातला स्नायू दगडासारखा आखडलाय, तोच तिला दाबतोय. हा पाय दिवसभर काय करतो?"

"ब्रेकवर असतो."

"विद्यार्थी स्वतः ब्रेक दाबतो तेव्हा?"

"तेव्हाही."

"आणि गाडी उभी असते तेव्हा?"

"तेव्हा तर जास्तच! तुम्ही लोक कधी सुटाल याचा काय नेम?"

डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं. एक हात खांद्यावर ठेवला, एक कमरेवर. "अंग ढिलं सोडा."

याच हातांनी गाडी कठड्याला ठोकली होती हे आठवून मास्तर आणखीच आखडले.

"लाकडाचा ओंडका आहात का?" डॉक्टर एकदम गरजले. "सोडा म्हटलं की सोडायचं! मी बसलोय ना शेजारी?"

वाक्यं शब्दशः मास्तरांचीच होती, रोज गाडीत ओरडायची. त्यांना काय उत्तर द्यावं याचा विचार करण्याच्या नादात मास्तर ढिले पडले आणि कमरेत 'कट्ट' झालं. त्याच क्षणी त्यांच्या उजव्या पायाने हवेत ब्रेक मारला आणि पायाशी ठेवलेला उभा पंखा आडवा झाला.

"हेच ते दुखणं," पंखा उचलत डॉक्टर म्हणाले. "पंधरा दिवस ब्रेकला पाय लावायचा नाही."

"मग तुम्ही लोक मला मारणार!"

"रिकाम्या मैदानात शिकवा. हँडब्रेक आहेच हाताशी."

दुसऱ्या दिवशी मास्तर दोन्ही पाय सीटखाली कोंबून मैदानात बसले. कठडेवाल्यांनी गाडी काढली, वळवली, थांबवली. ती बंद पडली नाही. नंतर दुभाजकवाल्या बाई आल्या. त्यांच्याही हातून बंद पडली नाही. मास्तरांच्या पायाची बोटं बुटात वळवळत होती.

"आज झालंय तरी काय सगळ्यांना?" ते वैतागून म्हणाले.

"सर, आज गाडी आचके देत नाही," बाई म्हणाल्या. "एरवी आम्ही क्लच दाबायच्या आतच ब्रेक लागलेला असतो."

क्लच न दाबता ब्रेक मारला की गाडी बंद पडते, हे मास्तर प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवत. इतकी वर्षं तो ब्रेक मारत कोण होतं, हे त्यांना आता कळलं आणि कान गरम झाले.

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. पाय बराच हलका होता, जीभ मात्र जड झाली होती.

"अगं, तेव्हा फाटकापाशी गाडी तू बंद पाडली नव्हतीस."

"मग कोणी?"

मास्तरांनी उजव्या पायाकडे पाहिलं. "उद्यापासून मैदानात ये. पंधरा दिवस माझा पाय सीटखालीच आहे."

"पंधराच?" हात पुसत बायको म्हणाली. "मी तर डॉक्टरांना फोनवर महिनाभर सांगा म्हटलं होतं."