आवाज काढून टाकलेली मुलाखत

दुःख जगभर सारखंच असतं. घोळ होतो तो विचारणाऱ्यांमुळे. एका देशातला डॉक्टर ज्याला वेडा ठरवतो, त्याला शेजारच्या देशातला डॉक्टर जावई करून घेतो. हा सावळागोंधळ मिटावा म्हणून नऊ देशांतल्या विद्वानांनी मनोरुग्ण ओळखण्याची एक प्रमाणित मुलाखत तयार केली. प्रश्न तेच, क्रम तोच, सूरही तोच. मुलाखतकाराने हसू नये, हळहळू नये, रुग्णाच्या प्रश्नाला उत्तर देऊ नये आणि रुग्ण बुजू नये म्हणून पांढरा कोट घालू नये. (शिंकही सर्व रुग्णांसमोर सारखीच द्यावी, ही सूचना थोडक्या मतांनी पडली.)

नमुन्यादाखल एका मुलाखतीची चित्रफीत काढली. रुग्ण होती लॉन्ड्रीत इस्त्री करणारी एक बाई. झोप उडाली म्हणून बहिणीने तिला दवाखान्यात आणलं होतं.

"गेल्या महिन्यात जगणं नकोसं वाटलं का? हो, नाही, की लागू नाही?"

"पोरगा गेला हो माझा. त्याच्याकडेच जावंसं वाटतं."

"हो, नाही, की लागू नाही?"

"तुम्हाला आहेत का मुलं?"

मुलाखतकार नियमानुसार भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने तोच प्रश्न त्याच सुरात विचारला. पुन्हा विचारला. बाई घाबरली. "अहो डॉक्टर, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" असं म्हणत तिने आपला पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

भाषेची अडचण नको म्हणून फितीतला आवाज काढून ती नऊही देशांत पाठवली. तिथल्या तज्ज्ञांनी दोघांतला रुग्ण लगेच ओळखला. नजर शून्य, चेहरा कोरा, ओठ सारखे एकाच चालीत हलतायत. सोबत आलेली नातेवाईक बाई मात्र मायाळू आणि ठणठणीत. मतैक्य शंभर टक्के.

या शास्त्रात एवढं मतैक्य आजवर झालं नव्हतं, त्यामुळे फेरविचाराचा प्रश्नच आला नाही. मुलाखतकाराला भरपगारी रजा आणि गोळ्या मिळाल्या. बाईला घरी धाडलं.

"अहो, पण हिला एकटीला सोडायची भीती वाटते मला," बहीण म्हणाली. तिच्या एका मतासमोर नऊ देश उभे आहेत, हे तिला सौम्य शब्दांत समजावलं गेलं.

वाचकहो, पाण्याच्या पेल्यापाशी तुम्हाला हसू आलं असेल, तर संकोच नको. त्याआधी बाई काय म्हणाली होती, ते नऊ देशांनीही ऐकलं नाही. त्यांच्या फितीत आवाज नव्हता, एवढंच.