उल्हाससाठी दोन मिनिटं

या वेळी अण्णांना कळणार म्हणजे कळणारच, असं वल्लरीने छातीठोकपणे जाहीर केलं होतं. मागच्या वेळी ती मोबाइल टॉवरच्या गुणगुणीवर नाचली, तेव्हा तिचे वडील, म्हणजे अण्णा, "पोरीला शॉक बसला!" असं ओरडत लाकडी काठी घेऊन विंगेतून धावत आले होते. त्यानंतर त्यांनी शेवटची संधी दिली होती. "आमच्या संघात कर तुझं ते प्रयोगशील नृत्य. मला कळलं, तर जन्मात अवाक्षर काढणार नाही. नाही कळलं, तर मुकाट्याने बँकेच्या परीक्षेला बसायचं!"

संघ म्हणजे नौपाड्यातला ज्येष्ठ नागरिक संघ. वल्लरीने विषयही सगळ्यांच्या ओळखीचा घेतला, उल्हास नदी. तिचा मित्र अद्वय याने कल्याणला गांधारी पुलाखाली माइक सोडून पाणी टिपलं, पंपांची धाप टिपली, जलपर्णीत अडकलेल्या पिशव्यांची सळसळ टिपली. निवेदन तर तिने इतकं सोपं लिहिलं, की कुणाला अडायला जागाच नको. 'नदी' हा शब्दसुद्धा मुद्दाम काढून टाकला. नदीला माणूस मानलं की कसं थेट काळजाला भिडतं!

दिवे मालवले. वल्लरी निळ्या कापडाखाली आडवी झाली. अंधारात अद्वयचा खर्जातला आवाज घुमला, "उल्हास. आपला लहानपणापासूनचा सोबती. किती दिवसांत आपण त्याच्याकडे फिरकलोसुद्धा नाही. त्याचा श्वास कोंडला, आपल्याला पत्ता नाही. उल्हाससाठी, आता दोन मिनिटं शांतता."

या शांततेत प्रेक्षकांनी आपल्याच श्वासाचा नाद ऐकावा, अशी कल्पना होती. पण संघाची प्रत्येक सभा अशीच दोन मिनिटांनी सुरू व्हायची, कारण दर महिन्याला कुणी ना कुणी गेलेलं असायचंच. खुर्च्या करकरल्या आणि अख्खा हॉल गुडघे सावरत उभा राहिला! त्यात संघाचे उल्हासराव नेमके आठवडाभर कट्ट्यावर दिसले नव्हते. हे वल्लरीला कुठून ठाऊक असणार?

कापडाच्या फटीतून तिला माना खाली घालून उभी असलेली ती सगळी माणसं दिसली. एका नदीसाठी! तिला भरून आलं. मग पाणी वाजू लागलं आणि तीही वाहू लागली. खांदे, पाठ, मान, सगळं सैल सुटलं. हॉलच्या भिंती हळूहळू विरत गेल्या, पंख्याचा वारा ओला झाला, पायांखाली फरशी आहे की रेती, तेही कळेना. पंपांची धाप सुरू झाली, तशी ती घुसमटत काठाकाठाने सरकू लागली.

"व्हेंटिलेटरवर होते वाटतं," संघाच्या चिटणीस मंदाकिनीबाई कुजबुजल्या.

"कुणी कळवलंसुद्धा नाही हो!"

वल्लरीपर्यंत शब्द पोचले नाहीत, नुसते हुंदके पोचले. पहिल्या रांगेत अण्णा चष्मा काढून डोळे पुसत होते. आई गेली त्यानंतर तिने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. अण्णांना कळलं! पार आतपर्यंत कळलं! ती अशी नाचली, की तसं पुन्हा नाचणं तिलाही जमलं नसतं. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुरफटून ती निश्चल झाली, तर अण्णा स्टेजवर माइकसमोर उभे!

"उल्हास," त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला, "तू आटलास आणि मी कोरडा पडलो रे."

काय बोलले! वल्लरी पिशव्यांच्या आत शहारली.

"आपण भांडलो असू. पण सकाळी तुझ्याशेजारी बसल्याशिवाय मला चहा गोड लागला नाही."

अण्णा रोज सकाळी नदीवर जातात? नौपाड्यातून, एवढ्या लांब?

"आता वहिनींना काय तोंड दाखवू?"

वल्लरीचं पाणी जागच्या जागी थिजलं. नदीला वहिनी कुठून आली? आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. अण्णांचे कट्ट्यावरचे उल्हासराव! सांगावं, तर अण्णांचं ते कळणं वाहून जाणार! न सांगावं, तर एका जिवंत माणसाची शोकसभा चाललेली!

तेवढ्यात दार उघडलं आणि काळा चष्मा लावलेले उल्हासराव चाचपडत आत आले. "मोतीबिंदू काढलाय. डॉक्टर बाहेर पडू नका म्हणाले, पण म्हटलं, आपल्या पोरीचा कार्यक्रम! अरे, सगळे उभे का? माझ्यासाठी?"

मंदाकिनीबाई किंचाळल्या. अण्णा स्टेजवरून जवळजवळ उडीच मारून धावले. "मेल्या, जिवंत आहेस की!" म्हणत त्यांनी उल्हासरावांना घट्ट मिठी मारली.

"अण्णा," पिशव्यांतून डोकं काढत वल्लरी म्हणाली, "ती नदी होती. उल्हास नदी."

अण्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मला सगळं कळलं होतं गं," ते खिन्नपणे म्हणाले. "तू मध्येच नदी घातलीस, तिथे घोटाळा झाला."

संपलं! वल्लरीला परीक्षेचं केंद्र दिसायला लागलं.

उल्हासरावांना मात्र एव्हाना सगळी हकिगत कळली होती. "हा रडला? माझ्यासाठी?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग वल्लरीचा हात धरला. "पोरी, मी खरंच जाईन ना, तेव्हा हेच कर."

"आणि माझ्याही वेळेला!" मंदाकिनीबाई पुढे सरसावल्या. "फक्त कापड निळं नको, मोतिया घे."

"आमच्या ह्यांचंही नाव घालून ठेव गं!"

बघता बघता स्टेजभोवती गर्दी झाली. अण्णांनी त्या पांढऱ्या डोक्यांवरून एकदा नजर फिरवली आणि लेकीच्या कानाशी वाकले.

"राहू दे ती बँक," ते म्हणाले. "या धंद्याला मरण नाही!"