तिसऱ्याला पाळणा नाही

आमच्या अवसरीत लग्न लागलं, की जो तो नवरानवरीला आशीर्वाद द्यायचा. खंडूअण्णा मात्र ताकीद द्यायचे. अक्षता टाकून झाल्या की ते पुढे होत आणि दोन बोटं दाखवून म्हणत, "दोन. तिसऱ्याला पाळणा मिळायचा न्हाई."

पाळणा म्हणजे त्यांच्या घरचा सागवानी पाळणा, रंगीत मोरांचा. गावातल्या बहुतेक बारशांना तोच जायचा. अण्णांनी तो लग्नानंतर वर्षभरातच हौसेनं करवून घेतला होता. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल ते बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

अण्णा जुन्नरच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. "भाकर बेरजेनं वाढती, खाणारा गुणाकारानं. गणित सरळ हाय," हे त्यांचं पालुपद. भारनियमन सुरू झाल्यावर त्यांनी दुसरा सिद्धांत मांडला. ट्रान्सफॉर्मर जळला की नऊ महिन्यांनी पाळण्याला मागणी वाढते, म्हणून रात्रीची लाईट हे कुटुंब नियोजनाचं साधन समजावं. तसा अर्ज घेऊन ते वीज कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि वायरमनला सांगून एसटी स्टँडवर सोडलं.

मी घोडेगावला पंचायत समितीत हिशेबाच्या टेबलावर. मला आकडे जुळल्याशिवाय चैन पडत नाही. मी त्यांना दाखवून दिलं, की ट्रान्सफॉर्मर उन्हाळ्यात जळतो आणि बारशी बाराही महिने असतात. शिवाय पाळणा नाकारला म्हणून कोणाचं तिसरं मूल थांबलेलं नाही. लोक साडीची झोळी बांधतात. कामाच्या निमित्तानं गावोगावचे आकडे डोळ्यांखालून जातात, त्यावरून माझं मत असं, की जिथं मुली दहावीपर्यंत शिकल्या तिथं घरं आपोआप लहान झाली. अण्णा म्हणाले, "भाऊ, तुमचं गणित लांबचं हाय. माझं लगेचचं."

नियमाला मात्र ते पक्के. पाहुणे, भावकी, सरपंच, कोणाच्याही तिसऱ्याला पाळणा दिला नाही.

आमच्या शेजारी ताराबाई. त्यांच्या सुनेला, संगीताला, दोन मुली. तिसरीही मुलगीच झाली. ताराबाईंनी जाहीर केलं, की बारसं करायचं नाही, आणि नाव लागलंच तर नकुशी म्हणा. संगीता उंबऱ्याआत बसून राहिली. आमच्या हिनं समजूत घालून पाहिली, पण म्हातारी ऐकेना.

बाराव्या दिवशी सकाळी अण्णा रस्त्यानं येताना दिसले. पाळणा डोक्यावर, मागून त्यांची बायको, आमच्या काकू, दोऱ्या आणि कड्या घेऊन.

ताराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अण्णा, घर चुकला का? ही तिसरी हाय."

"ठाव हाय. मोजता येतंय मला."

"मग तुमचा नेम कुठं गेला?"

अण्णांनी पाळणा खाली ठेवला. घाम पुसला. "नेम मागणाऱ्याला हाय, बाई. हिच्यासाठी मागायलाच कुनी आलं न्हाई."

ताराबाई दारातून बाजूला झाल्या.

आढ्याला दोऱ्या अण्णांनीच बांधल्या आणि आपला भार टाकून ओढून पाहिल्या. काकूंनी पोरीला पाळण्यात घातलं. संगीतानं मनात धरलेलं नाव होतं वैशाली. काकूंनी तेच तिच्या कानात सांगितलं. अण्णांनी ताराबाईंना एकच अट घातली, की हिची शाळा दहावीच्या आत सोडवायची नाही. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

बायका चहा करायला आत गेल्या. अण्णा पाळण्याची दोरी धरून तिथंच बसले. मला राहवेना. म्हटलं, "काय अण्णा, गणित चुकलं म्हणायचं का?"

"गणित बरोबरच हाय, राव," ते दोरी न सोडता म्हणाले. "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."